वारस नसलेली घराणी : ख्रिस्ती धर्मसंघ चालतात कसे?

लोंढा जंक्शनला तीन वाटा मिळतात. एक बेळगावहून मिरजेकडे जाते, दुसरी धारवाड-हुबळीकडे, आणि तिसरी कॅसलरॉकवरून घाट उतरून गोव्यात. शाळांची वर्षं संपली की या फलाटावर हमखास एक दृश्य दिसतं. पांढऱ्या किंवा राखी पोशाखातली एखादी सिस्टर, सोबत एक पेटी, एक पिशवी, आणि निरोप द्यायला आलेल्या मुली, त्यांच्या आया. बदली झालेली असते. सात-आठ वर्षं ज्या गावात शिकवलं, बाळंतिणींची विचारपूस केली, अंत्यविधींना उभी राहिली, ते गाव ती एका पेटीनिशी सोडते. आठवड्याभरात तिच्या जागी दुसरी सिस्टर येते आणि शाळेची घंटा नेहमीच्या वेळेला वाजते.

खानापूर तालुक्यात, बेळगावात, निपाणीकडे राहणाऱ्या माणसाला यात नवल वाटत नाही, इतकं ते सवयीचं आहे. पण जरा थांबून विचार केला तर हे कोडंच आहे. आपल्याकडे आजोबा पेढी उभारतात, मुलगा वाढवतो आणि नातवंडं भावकीत वाटून घेतात. इथे तर कोणाला मूलबाळ नाही, कोणाच्या नावावर सातबारा नाही, आज आहे तो माणूस उद्या दुसऱ्या राज्यात. तरीही बेळगावच्या कॅम्पातली येशूसंघीयांची सेंट पॉल्स शाळा 1856 पासून चालू आहे, आणि ती चालवणारा संघ त्याहून तीन शतकांनी जुना आहे. रक्ताचा वारस नसताना हे चालतं कसं? सिस्टरचा पगार कोणाचा? तिची बदली कोण करतं? आणि या सगळ्यात प्रार्थनेचं काम काय?

फादर सगळे सारखे नसतात

आधी एक घोळ निस्तरू. बाहेरच्या माणसाला सगळे फादर एकाच खात्याचे वाटतात. तसं नाही.

कॅथलिक चर्चचा कारभार प्रदेशानुसार विभागलेला असतो. एका प्रदेशाला धर्मप्रांत म्हणतात आणि त्याचा प्रमुख बिशप. बेळगावचा धर्मप्रांत 1953 साली स्थापन झाला. या प्रांतातल्या गावागावांतल्या चर्चमध्ये नेमलेले बहुतेक फादर धर्मप्रांताचे असतात. ते अविवाहित राहतात, बिशपांची आज्ञा पाळण्याचं वचन देतात, पण दारिद्र्याचं व्रत घेत नाहीत. वडिलोपार्जित शेतीत त्यांचा वाटा राहू शकतो. त्यांची बदली झाली तरी ती साधारण धर्मप्रांताच्या हद्दीतच.

धर्मसंघाचं माणूस वेगळं. त्याचा खरा पत्ता प्रदेश नसून संघ असतो. लोंढ्यात काम करणाऱ्या सिस्टरच्या संघाचं मुख्य घर मंगळूरला असेल, गोव्यात असेल, नाहीतर थेट इटलीत. बिशपांच्या परवानगीनेच तो संघ त्या प्रांतात येतो, पण कोणती सिस्टर कुठे राहील हे संघाच्या प्रमुख ठरवतात. नावापुढे जी दोन-तीन अक्षरं लावतात ती या संघाची खूण. येशूसंघीयांची 'एस. जे.', गोव्याच्या पिलार संस्थेची 'एस. एफ. एक्स.'.

पिलारच्या संस्थेबद्दल पुढे सविस्तर येईलच, पण इथे एक बारकावा सांगतो. चर्चच्या कायद्यात ती काटेकोर अर्थाने व्रतस्थांचा संघ धरली जात नाही. तिला 'प्रेषितीय जीवनाची संस्था' म्हणतात. म्हणजे एकत्र राहणं, एकत्र काम आणि आज्ञापालन आहे, पण जाहीर धार्मिक व्रतांचा विधी तसाच असेल असं नाही. सामान्य वाचकाला हा फरक रोजच्या व्यवहारात दिसणार नाही. दोन्हींचं आतलं रहाटगाडगं बरंचसं सारखं आहे.

तीन व्रतं, आणि त्यांचा व्यवहारातला अर्थ

दारिद्र्य, ब्रह्मचर्य आणि आज्ञापालन ही तीन व्रतं. त्यांच्याकडे आपण त्यागाच्या भाषेत बघतो आणि हात जोडून मोकळे होतो. पण त्यांना कारभाराची बाजूही तितकीच पक्की आहे, आणि कोडं तिथेच सुटायला लागतं.

पैशापासून सुरू करू. अनुदानित शाळेतल्या सिस्टरला सरकारी वेतनश्रेणीप्रमाणे पगार मिळतो, तो तिच्या नावाने जमा होतो. ती तो पूर्ण संघाकडे देते. चर्चचा कायदा स्पष्ट सांगतो की व्रतस्थाने स्वतःच्या कष्टाने मिळवलेलं सगळं संघाचं. तिचा प्रवास, औषधं, चप्पल, म्हातारपण हे सगळं मग संघ पाहतो. आजीवन व्रतांच्या आधी तिला मृत्युपत्र करावं लागतं, आणि तेही देशाच्या कायद्यात टिकेल असं.

हा पगार नेमका कोणाचा, हा प्रश्न आपल्या सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेला. कित्येक दशकं धर्मभगिनींच्या आणि फादरांच्या पगारातून आयकराची कपात होत नसे. पुढे आयकर खात्याने ती मागितली. तमिळनाडू आणि केरळमधल्या संस्था न्यायालयात गेल्या. त्यांचं म्हणणं असं की व्रत घेतलेल्या व्यक्तीचा ऐहिक व्यवहार संपलेला असतो, ती कायद्याने जणू मृतच, मग तिचं उत्पन्न कसलं? 7 नोव्हेंबर 2024 रोजी सर्वोच्च न्यायालयाने ही अपिलं फेटाळली. पगार व्यक्तीला मिळतो, ती पुढे तो कोणाला देते हा तिचा प्रश्न, कपात होणार. मला हा निर्णय योग्य वाटतो. व्रत हे तिच्या आणि संघाच्या मधलं नातं आहे, त्याचा भार सरकारी तिजोरीने का घ्यावा? पण या खटल्यामुळे एक गोष्ट उजेडात आली : हे व्रत प्रतीकात्मक नाही. दर महिन्याच्या पगारपत्रकात त्याचा हिशेब लागतो.

याचा परिणाम बघा. गावात दवाखाना चालवणाऱ्या सिस्टरचा खर्च दवाखान्याच्या उत्पन्नातून भागत नाही, भागणारही नाही. शहरातल्या शाळेत शिकवणाऱ्या चौघींच्या पगारातून तो भागतो. संघाची घरं एकमेकांना अशी तोलून धरतात. तोट्यातलं काम पंचवीस-तीस वर्षं चालवायचं तर असा सामाईक गल्ला हवाच. तो या व्रतातून येतो.

ब्रह्मचर्याने दुसरी गोष्ट साधते. 'माझ्या मुलाला शाळेत लावून घ्या', 'माझ्यानंतर माझी सून मुख्याध्यापिका' हा प्रश्नच उद्भवत नाही. आपल्या शिक्षणसंस्थांचं काय होतं हे आपण रोज वर्तमानपत्रांत वाचतो, त्यामुळे याचं मोल वेगळं सांगायला नको. अर्थात व्रत घेणारी माणसं ते संस्थेच्या सोयीसाठी घेत नाहीत. ती म्हणतात, हे प्रेम एकाच घरापुरतं ठेवायचं नाही. संस्था त्यामुळे टिकली, हे त्याचं फळ.

बदलीची गोष्ट : झेवियरचं बदली कामगार म्हणून येणं

आज्ञापालन समजून घ्यायला सेंट फ्रान्सिस झेवियरइतकं चांगलं उदाहरण नाही. गोव्याच्या प्रत्येक घराला त्याचं नाव माहीत आहे. पण तो भारतात आला कसा, हे फार थोड्यांना ठाऊक असतं.

1540 च्या मार्च महिन्याची गोष्ट. पोर्तुगालच्या राजाने भारतासाठी माणसं मागितली होती. येशूसंघाचा संस्थापक इग्नेशियस लोयोला याने आपल्या दहाएक मित्रांच्या गटातून दोघांची निवड केली. त्यांत झेवियर नव्हता. निवडलेल्यांपैकी बोबादिया ऐनवेळी आजारी पडला. राजाचा वकील निघायच्या तयारीत होता. इग्नेशियसने झेवियरला विचारलं, झेवियरने होकार दिला, आणि एक-दोन दिवसांत, अंगावरचे फाटके कपडे शिवून घेऊन, तो रोम सोडून निघाला. इग्नेशियसची आणि त्याची पुन्हा भेट झाली नाही. त्यांच्या येशूसंघाला पोपची मान्यता मिळाली ती त्यानंतर, 27 सप्टेंबर 1540 रोजी. झेवियर 6 मे 1542 रोजी गोव्यात उतरला आणि 1552 च्या डिसेंबरात चीनच्या किनाऱ्याजवळच्या एका बेटावर वारला.

'जिथे गरज तिथे जाईन' हे वाक्य बोलायला सोपं आहे. येशूसंघाने त्याचं चौथं व्रतच केलं : पोप कामगिरीवर पाठवतील तिथे जाणं. मदर तेरेसांच्या संघाचंही चौथं व्रत आहे, गरिबांतल्या गरिबाची विनामोबदला, मनापासून सेवा. चौथं व्रत वाचलं की त्या संघाची नाडी सापडते.

आता एक गैरसमज. आज्ञापालन म्हणजे वरून हुकूम आणि खालून मान डोलावणं, असं नाही. वरिष्ठांनी आधी बोलायचं असतं, त्या व्यक्तीची तब्येत, कुवत, मन विचारात घ्यायचं असतं. व्यक्तीने आपली अडचण मोकळेपणी मांडायची असते. बहुतेक संघांचे प्रमुख निवडून येतात आणि ठरावीक मुदतीपुरतेच असतात. काही वर्षांनी सर्वसाधारण सभा भरते, तिच्यात प्रतिनिधी येतात, हिशेब मांडले जातात, धोरण बदलतं, नवे प्रमुख निवडले जातात. निवडणुकीने प्रमुख ठरवण्याची ही पद्धत काही संघांत मध्ययुगापासून चालत आलेली आहे. काल ज्या प्रमुख होत्या त्या आज एखाद्या आडगावी स्वयंपाकघर सांभाळताना दिसतात. हे मला या व्यवस्थेतलं सर्वांत शिकण्यासारखं अंग वाटतं.

विरजण लागतं ते जिवंत दह्याचं

नियम कागदावर असतात. माणसात ते उतरवायचे कसे? इथे प्रशिक्षणाचा भाग येतो, आणि तो लांबलचक आहे.

बारावी किंवा पदवी झालेली मुलगी संघाकडे येते. आधी काही महिने ती नुसती सोबत राहते, बघते. मग नवदीक्षेचा काळ. चर्चच्या कायद्याप्रमाणे वयाची सतरा वर्षं पूर्ण झाल्याशिवाय त्यात घेता येत नाही, आणि हा काळ किमान बारा महिन्यांचा असावा लागतो. या वर्षात तिला मोठं काम देत नाहीत. प्रार्थना, संस्थापकाचं चरित्र, संघाची घटना, भांडी घासणं, बाग, आणि शांतता. त्यानंतर तात्पुरती व्रतं, साधारण तीन ते सहा वर्षांसाठी, फार तर नऊ. या काळात ती मुदत संपल्यावर सहज घरी जाऊ शकते, आणि अनेक जणी जातात. मग आजीवन व्रतं, तीही एकविसाच्या आत नाहीत. येशूसंघात तर नवदीक्षाच दोन वर्षांची, आणि अंतिम व्रतांपर्यंत पोचायला पुष्कळ वर्षं जातात.

इतका वेळ कशाला? दही लावायचं तर कोऱ्या दुधाला पुस्तक वाचून दाखवून उपयोग नाही, कालच्या दह्याचा एक चमचा लागतो. संस्थापकाची वृत्ती पुढच्या पिढीत जाते ती अशीच, जिवंत माणसांच्या सहवासातून. नवदीक्षितांना घडवणारी सिस्टर किंवा फादर हा संघातला सर्वांत महत्त्वाचा माणूस असतो तो यामुळे. प्रमुख चुकीचे निघाले तर सहा वर्षांत बदलतात. घडवणारं माणूस चुकीचं निघालं तर दोन पिढ्या बिघडतात.

दिवस मोजून वाटलेला असतो

आता प्रार्थनेचं. कॉन्व्हेंटचं, म्हणजे सिस्टरांच्या घराचं, वेळापत्रक भिंतीवर लावलेलं असतं. पहाटे पाचच्या आसपास उठणं. एकत्र स्तोत्रं. अर्धा-पाऊण तास मूक चिंतन. मिस्सा. न्याहारी, शाळा किंवा दवाखाना. दुपारी थोडी प्रार्थना, संध्याकाळी जपमाळ, पुन्हा स्तोत्रं, रात्रीचं जेवण, आणि झोपण्यापूर्वी दिवसाची झडती.

ही झडती जरा जवळून बघण्यासारखी आहे, कारण ती इग्नेशियसने नीट घालून दिलेली रीत आहे आणि आज अनेक संघ ती वापरतात. एकूण वेळ दहा-पंधरा मिनिटं. माणूस शांत बसतो. प्रथम दिवसात जे मिळालं त्याचे आभार मानतो. मग देवाकडे मागतो की मला खरं दिसू दे. मग सकाळपासूनचा दिवस तासातासाने डोळ्यांसमोरून नेतो : तिसरीच्या वर्गात त्या मुलावर ओरडले ते त्याच्या चुकीमुळे, की सकाळच्या टपालाने माझं डोकं फिरलं होतं म्हणून? औषध मागायला आलेल्या म्हातारीला मी रांगेत उभं ठेवलं, ओळखीच्या बाईला आधी का घेतलं? चुकलं त्याची क्षमा मागतो. शेवटी उद्याची एक छोटी गोष्ट ठरवतो. संपलं.

हे रोज करणाऱ्या माणसाचं वीस वर्षांत काय होत असेल? सगळ्यांचं सारखं होत नाही, हे उघड आहे. पण यातून एक गोष्ट साधते, जी कुठल्याही प्रशिक्षण शिबिरातून साधत नाही : काम चांगलं चाललेलं असतानाही 'मी हे कोणासाठी करतोय' हा प्रश्न रोज विचारला जातो. लोक म्हणतात, शाळा उत्तम चालते, प्रार्थना हा त्यांचा खासगी भाग. मला हे उलटं वाटतं. ज्या दिवशी प्रार्थना सुटते त्या दिवशी बदली अन्याय वाटू लागते, पगार माझा वाटू लागतो, आणि वर्ग माझी मालमत्ता होतो. मग तीन व्रतं नुसती नियमावली उरतात. संघाचं अध्यात्म म्हणतात ते हेच : दिवस कसा जगायचा याची एका संस्थापकाने आखून दिलेली वाट.

ती वाट प्रत्येक संघाची निराळी. फ्रान्सिस्कन माणसाला साधेपणा आणि सृष्टीशी नातं हे पहिलं. कार्मेलच्या परंपरेत मौन आणि अंतर्मुखता. येशूसंघीयाला कामाच्या रगाड्यातच देव शोधायला शिकवलेलं असतं. तिघांनी शाळाच काढली तरी तिचा वास वेगळा येतो. मदर तेरेसा आधी लोरेटो संघात शिक्षिका होत्या. तो संघ वाईट नव्हता. पण त्यांना जी हाक ऐकू आली ती त्या चौकटीत मावत नव्हती. त्यांनी चर्चची परवानगी मागितली, 1948 साली बाहेर पडल्या, आणि 7 ऑक्टोबर 1950 रोजी त्यांच्या नव्या संघाला मान्यता मिळाली. नवे संघ निघतात ते असे.

| चौकट : चार शब्द ओळखीचे करून घेऊ |
|---|
| धर्मप्रांत : बिशपांच्या देखरेखीखालचा प्रदेश. |
| धर्मसंघ : एका संस्थापकाच्या वृत्तीने, व्रतं घेऊन एकत्र राहणाऱ्यांचा समुदाय. त्याला प्रदेशाची हद्द नसते. |
| नवदीक्षा : व्रतांपूर्वीचा, किमान बारा महिन्यांचा घडणीचा काळ. |
| सर्वसाधारण सभा : ठरावीक वर्षांनी भरणारी, प्रमुख निवडणारी आणि धोरण ठरवणारी प्रतिनिधींची सभा. |

पिलार : विझता विझता राहिलेला दिवा

लोंढ्याहून गाडी घाट उतरली की गोवा. तिथला इतिहास या विषयाचा जणू धडाच आहे.

सतराव्या शतकात गोमंतकीय पुरोहितांनी स्वतःचा एक संघ उभा केला होता, मिलाग्रीसच्या पवित्र क्रुसाच्या नावाचा. बाणावलीला जन्मलेले जुझे वाझ 1685 साली त्यात आले. 1687 मध्ये ते छुप्या वेशात श्रीलंकेत गेले. डच सत्तेने तिथे कॅथलिक पुरोहितांना बंदी केली होती. 1711 मध्ये कँडीला त्यांचा अंत झाला. 14 जानेवारी 2015 रोजी पोप फ्रान्सिस यांनी कोलंबोत त्यांना संत घोषित केलं. त्यांच्यामागून गोव्याचा हा संघ पिढ्यानपिढ्या श्रीलंकेत माणसं पाठवत राहिला.

मग 1834 साली पोर्तुगाल सरकारने आपल्या राज्यातले सगळे पुरुष धर्मसंघ एका फटक्यात बंद केले. गोव्यातले मठ रिकामे झाले, मालमत्ता सरकारजमा झाली. जुझे वाझ यांचा संघ गोव्यात संपला तो पुन्हा उभा राहिला नाही. इमारती होत्या, ग्रंथ होते, घडवणारी माणसं मात्र पांगली. विरजण संपलं.

पन्नासेक वर्षांनी, 26 सप्टेंबर 1887 रोजी, काणकोणातल्या अगोंद इथे फादर बेंतो मार्तिन्स यांनी काही सोबत्यांसह नवी मिशनरी संस्था सुरू केली. तिला झेवियरचंच नाव दिलं. 1890 मध्ये ती पिलारच्या टेकडीवरच्या रिकाम्या मठात गेली. तो मठ 1613 चा, फ्रान्सिस्कन साधूंचा. टेकडीच्या परिसरात कदंबांच्या जुन्या राजधानीच्या खुणा आहेत.

याच संस्थेत 1897 मध्ये हणजुणचा एक तरुण आला, आग्नेल डिसोझा. पुढच्या वर्षी तो पुरोहित झाला. कुमठ्यात, सांवर्ड्यात त्याने काम केलं. 1918 पासून रायतूरच्या सेमिनरीत भावी पुरोहितांचा आध्यात्मिक मार्गदर्शक होता. 20 नोव्हेंबर 1927 रोजी तो वारला, प्रवचन देताना कोसळल्यानंतर. वय 58. येशूच्या पवित्र हृदयाची भक्ती आणि विलक्षण साधं राहणं, एवढंच त्याच्याबद्दल सांगण्यासारखं होतं. कोणतीही मोठी संस्था त्याने काढली नाही.

आणि संस्था? तीही संपण्याच्या काठावर आली होती. घडणाऱ्या नव्या पिढीशिवाय संघ किती दिवस चालणार? 1939 साली काही तरुण पुरोहितांनी तिची पुनर्रचना केली. त्याच वर्षी आग्नेल यांचे अवशेष पिलारला आणले गेले. इमारत जुनीच होती, तरी संस्था जगली ती या नव्या माणसांमुळे आणि त्यांच्यापुढे असलेल्या एका माणसाच्या आठवणीमुळे. 1986 मध्ये पोप जॉन पॉल दुसरे यांनी आग्नेल यांना 'वंदनीय' घोषित केलं, ही संतपदाच्या वाटेवरची एक पायरी. दर गुरुवारी पिलारला त्यांच्या समाधीशी लोक येतात, त्यांत हिंदूही पुष्कळ असतात.

मुंबई-नवी मुंबईतल्या मराठी मुलांना 'फादर आग्नेल' हे नाव वांद्र्याच्या आणि वाशीच्या तंत्रशिक्षण संस्थांमुळे ठाऊक असतं. त्या संस्था पिलारच्या माणसांनी काढल्या. आग्नेल डिसोझांनी आयुष्यात एकही कॉलेज चालवलं नव्हतं. तरी लेथ मशीनवर हात बसवणाऱ्या पोरांच्या ओळखपत्रावर त्यांचं नाव आहे, आणि मला त्यात विसंगती दिसत नाही. काम काळाप्रमाणे बदलतं, ते कोणत्या वृत्तीने करायचं याची आठवण नावातून ठेवली जाते.

काम बदलत गेलं

'मिशन' म्हटलं की आपल्या मनात धर्मांतर हा एकच शब्द येतो. गोव्याच्या इतिहासात त्याला सत्तेच्या जबरदस्तीची काळी बाजू आहे, ती झाकण्यात अर्थ नाही. पण तेवढ्यावर थांबलं तर बाकीचं दिसत नाही.

फादर थॉमस स्टीफन्स हा इंग्रज येशूसंघीय 1579 मध्ये गोव्यात आला आणि 1619 मध्ये मरेपर्यंत इथेच राहिला. त्याचं ख्रिस्तपुराण 1616 साली रायतूरला छापलं गेलं, सुमारे 11 हजार ओव्यांचं, मराठीत. 'निरोप्या' हे मासिक 1903 साली नगर जिल्ह्यातल्या केंदळ या खेड्यातून हेन्री डोरिंग या जर्मन येशूसंघीयाने सुरू केलं. परक्या माणसाला माझ्या भाषेत मासिक काढावंसं वाटतं, यामागे संघाची शिकवण आहे : ज्यांच्यात पाठवलं त्यांच्यासारखं व्हा.

1965 साली जगभरच्या बिशपांच्या दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेने सगळ्या संघांना दोन गोष्टी सांगितल्या. आपल्या संस्थापकाच्या मूळ वृत्तीकडे परत जा, आणि आजच्या जगाकडे डोळे उघडून बघा. त्याचे पडसाद आपल्या भागापर्यंत आले. प्रार्थना लोकभाषांत आल्या. कित्येक सिस्टर साडी नेसू लागल्या. शहरातली मोठी शाळा सोडून खेड्यात दोन खोल्यांत राहायला गेल्या, बचतगट, बालवाड्या, आरोग्य या कामात उतरल्या. नगर जिल्ह्यात फादर हर्मन बाखर या स्विस येशूसंघीयाने पाणलोटाचं काम उभं केलं. त्याच्या अटी गाववाल्यांना चांगल्या आठवतात : श्रमदान, कुऱ्हाडबंदी, चराईबंदी, आणि निर्णय सगळ्या गावाचा. त्यात बाप्तिस्म्याची अट नव्हती.

सीमाभागात याला भाषेची जोड आहे. बेळगाव धर्मप्रांतात कोंकणी, कन्नड आणि मराठी या तिन्हींत प्रार्थना चालतात. इथे बदलून येणाऱ्या सिस्टरला जमेल तेवढं तिन्हींत बोलावं लागतं. मंगळूरची मुलगी खानापूरच्या बाजारात मराठीत भाव करते, ही सुद्धा तिच्या आज्ञापालनाचीच शाखा.

जिथे हे रहाटगाडगं अडतं

या व्यवस्थेबद्दल मला आदर आहे, म्हणूनच तिच्या दुखऱ्या जागा सांगितल्या पाहिजेत.

आज्ञापालनाचा गैरफायदा घेता येतो. फेब्रुवारी 2019 मध्ये पोप फ्रान्सिस यांनी स्वतः मान्य केलं की काही पुरोहितांनी आणि बिशपांनी धर्मभगिनींवर अत्याचार केले. हाती पगार नाही, स्वतःचं घर नाही, माहेरी परतायची लाज, अशा स्थितीत असलेल्या बाईला तक्रार करणं किती कठीण जात असेल याची कल्पना करा.

दुसरी जागा बाहेर पडणाऱ्यांची. कायद्याप्रमाणे संघ सोडणाऱ्याला केलेल्या कामाचा मोबदला मागता येत नाही. संघाने न्यायाने आणि प्रेमाने वागावं एवढंच लिहिलेलं आहे. पंचेचाळिसाव्या वर्षी बाहेर पडणाऱ्या बाईसाठी हे फार तोकडं आहे. वीस वर्षांचा पगार ज्या गल्ल्यात गेला त्यातून तिला ठरावीक रक्कम आणि राहायची सोय हक्काने मिळायला हवी.

आणि तिसरी, मुली येत नाहीत. गोव्यात, मंगळूरला, वसईत पूर्वी सहा-सात भावंडांतलं एक संघात जायचं. आता घरात एक-दोन मुलं. घडवायला कोणी नाही म्हणजे विरजण कितीही चांगलं असो, दूधच नाही. अनेक घरं बंद होतील, काही संघ एकत्र येतील, शाळांचा कारभार नोकरदार शिक्षकांच्या हाती जाईल. हे होऊ लागलं आहेच.

अशा वेळी एक काम वाचकांना करता येण्यासारखं आहे. कॉन्व्हेंटच्या घरात रोजच्या घडामोडींची वही ठेवण्याची रीत असते, पण ती घर बंद झालं की मुख्य घराच्या कपाटात जाते, आणि तिच्यात गावची बाजू नसते. लोंढा, खानापूर, बेळगाव, निपाणी इथल्या ज्या माणसांनी या शाळांत धडे गिरवले, या दवाखान्यांत ज्यांच्या मुली जन्मल्या, त्यांनी आपल्या आठवणी मराठीत, कन्नडमध्ये, कोंकणीत लिहून काढाव्यात. जुन्या वर्गाच्या फोटोमागे नावं आणि साल आजच लिहून ठेवा. ती नावं सांगू शकणारी माणसं आता सत्तरी-ऐंशीच्या पुढे आहेत.